काटकसर कोणाच्या ताटातून?

काटकसर हा सद्गुण आहे, हे सर्वांस मान्य आहे. तथापि, प्रिय वाचकहो, वाचलेला पैसा कोठून वाचला, ह्याचा विचार घरोघरी होतो काय? ज्यांस शक्य आहे त्यांनी वाण्याकडून उधारीने थोडे थोडे आणण्याऐवजी सुगीत रोखीने धान्य भरावे, त्यास ऊन देऊन कडुनिंबाच्या पाल्यात ठेवावे, आणि शिळी भाकरी न टाकता तिचा कुस्करा करावा. ही खरी काटकसर होय. कारण तीत नासाडी टळते आणि कोणाचा घास जात नाही.

परंतु डाळ, भाजी वा दूध कमी आणले असता ती उणीव सर्वांच्या वाट्यास सारखी येत नाही. पुष्कळ घरी आधी पुरुष व मुले जेवतात, आणि तळाशी उरेल ते गृहिणीचे. तिने तक्रार केली नाही, एवढ्यावरून ती तृप्त झाली असे कसे मानावे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५७, तर पुरुषांपैकी शेकडा २५ रक्तक्षयाने ग्रस्त आढळले. ह्याची कारणे अनेक आहेत. तरी अपुरा आहार हे त्यांतील एक होय.

जो दुसऱ्याच्या मुकाट उपवासातून पैसा साठवितो, तो त्याचा ऋणको होतो, मग ते ऋण वाण्याच्या वहीत नसले तरी. म्हणून खर्च कमी करणे प्राप्त झाल्यास प्रथम तंबाखू सोडावी, आणि वाढण्यापूर्वी गृहिणीचा वाटा बाजूस काढावा. त्यानंतर जे वाचेल, तेच निःशंकपणे वाचले असे समजावे.