परसबागेचा बेत आणि घागरींचा हिशेब

वैशाखाचे ऊन तापू लागले आणि मृग नक्षत्र महिन्याभरावर आले, म्हणजे ज्याच्या घरामागे थोडीबहुत मोकळी जागा आहे त्याच्या मनात परसबागेचा बेत घोळू लागतो. हा बेत ह्याच दिवसांत करावयाचा असतो, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. मृग ७ जूनच्या सुमारास लागतो. वांगी व मिरची ह्यांचे रोप लावणीजोगे होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून ज्याने मे महिन्याच्या आरंभी बी टाकले नाही, त्याच्या हाती पहिल्या पावसात लावावयास रोप नसते. जमीन खणून उन्हात तापू देणे, कुजलेले शेणखत आणून ठेवणे, कुंपण नीट करणे, हीही कामे पावसापूर्वीचीच. तेव्हा आगाऊ बेत करणे शहाणपणाचे आहे, ह्याविषयी आमचा कोणाशी वाद नाही. वाचकांपुढे आम्ही आज जो प्रश्न ठेवू इच्छितो तो निराळा आहे. बेत एकाने करावा आणि त्याचा भार दुसऱ्याने वाहावा, हे न्यायाचे आहे काय?

ह्या बाबतीत आमच्याच हातून घडलेली चूक सांगतो, म्हणजे दुसऱ्या कोणास दोष दिल्यासारखे होणार नाही. काही वर्षांपूर्वी वैशाखातल्या एका दुपारी आम्ही कागद घेऊन बसलो आणि परसातील जागेचे बारा वाफे आखले. भेंडी येथे, गवार तेथे, कुंपणावर दोडका व कारले, कडेला तांबडा माठ, असे सर्व सुबक मांडले. मृगाच्या सरी आल्या, बी पेरले, रोपे तरारली. आणि आम्ही आल्यागेल्यास बाग दाखवू लागलो. पुढे पावसाने दडी मारली. तीन आठवडे आभाळ कोरडे राहिले. परंतु आमची बाग हिरवी होती, आणि त्याचे श्रेय आम्ही आमच्या बेताला देत होतो. एके सकाळी आमच्या मुलीच्या खांद्यावर घागरीचा वळ दिसला. आम्ही विचारले तेव्हा ती काही बोलली नाही, तिची आई मात्र शांतपणे म्हणाली, “अहो, तुमच्या कागदावर भेंड्या आहेत, दोडके आहेत. घागरी कोठे मांडल्या आहेत?”

त्या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते. मग उशिरा का होईना, आम्ही हिशेब केला. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी द्यावयाचे म्हणजे एक लिटर पाणी लागते. उन्हाच्या दिवसांत भाजीच्या वाफ्याला दररोज पाच मिलिमीटर तरी पाणी हवे. आमचे वाफे एक मीटर रुंद व दोन मीटर लांब. बारा वाफ्यांची जागा २४ चौरस मीटर. म्हणजे रोज १२० लिटर पाणी, अर्थात १५ लिटरांच्या ८ घागरी. विहीर आमच्या दारापासून दोनशे पावले. तीन आठवड्यांत १६८ घागरी त्या दोघींनी डोक्यावर व खांद्यावर आणल्या, आणि त्याही घरच्या पिण्याच्या व धुण्याच्या पाण्याखेरीज. हे सर्व पाणी आम्ही त्या दुपारी पेन्सिलीच्या एका रेघेने खर्च करून टाकले होते. विचारले मात्र कोणालाच नव्हते.

कोणी म्हणेल की, घरच्या बायका पाणी आणतातच. त्यात नवल ते काय? आणि भाजी तर सर्वांच्याच ताटात येते. ह्यावर आमचे उत्तर असे की, आपल्या माणसांसाठी खुशीने कष्ट करणे ही थोर गोष्ट आहे खरी; पण खुशी आहे किंवा नाही हे विचारल्याशिवाय कळत नाही. विचारून मिळालेले साहाय्य हे देणे होय. न विचारता गृहीत धरलेले साहाय्य हे घेणे होय, मग घेणारा कितीही प्रेमळ असो. बेत म्हणजे एक प्रकारचे वचनच. मनुष्याने आपल्या अंगच्या श्रमांचे वचन द्यावे. दुसऱ्याच्या खांद्याचे वचन देण्याचा अधिकार त्यास कोणी दिला? अंथरूण पाहून पाय पसरावे असे आपण मुलांस शिकवितो. पण ते अंथरूण कोणाचे आहे, हेही पाहावयास नको काय?

दुसरा कोणी म्हणेल की, एवढा विचार करीत बसल्यास बागच होणार नाही. तसे नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, ही म्हण सर्वांस ठाऊक आहे. जो आड आधी पाहतो त्याचीच बाग टिकते. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे ह्यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीचे काम उभे केले, ते ह्याच विचारावर. तेथे शेत किती मोठे हे पाहून पाणी दिले नाही. घरात माणसे किती हे पाहून दिले. माणशी अर्ध्या एकरापुरते, आणि एका कुटुंबास अडीच एकरांच्या वर नाही, भूमिहीनासही वाटा, आणि फार पाणी पिणाऱ्या उसाला मनाई. आधी पाणी मोजावयाचे, मग माणसे, आणि पीक सर्वांच्या शेवटी. आम्ही परसात नेमका उलटा क्रम धरला होता.

ह्या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. २०१९ ते २०२१ ह्या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, १५ ते ४९ वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी शेकडा ५७ जणींना रक्तक्षय असल्याचे आढळले. त्याची कारणे अनेक आहेत. ताटात सकस अन्न व हिरवी भाजी कमी पडणे हे त्यांतील एक. अनेक घरांत स्त्री सर्वांच्या मागून जेवते आणि पातेल्यात उरेल ते खाते. जिने माठाच्या वाफ्याला पाणी घातले तिच्याच वाट्याला माठाची भाजी उरू नये, ह्याहून मोठी विसंगती कोणती? म्हणून बेत करताना घागर कोण आणणार हे जसे ठरवावे, तसे भाजी प्रथम कोणाच्या ताटात पडणार हेही ठरवावे.

पुढल्या वर्षी आम्ही चारच वाफे केले. आठ चौरस मीटर जागेस रोज ४० लिटर, म्हणजे तीन घागरींच्या आतच पाणी. त्यांतील दोन आम्ही स्वतः आणू लागलो. पहिल्या दिवशी विहिरीवर लोक हसले. चौथ्या दिवशी कोणी पाहीनासे झाले. मोरीच्या सांडपाण्यावर अळू व केळ लावली. दुधी व दोडका ह्यांचे वेल छपरावर चढविले, म्हणजे एका आळ्यात ओतलेले पाणी पुष्कळ फळास पुरते. कुंपणाशी शेवगा लावला. तो एकदा मूळ धरल्यावर फारसे पाणी मागत नाही. माठ व कोथिंबीर ह्यांचे बी एकदम न पेरता दर पंधरा दिवसांनी थोडे थोडे पेरले. त्यामुळे एकदा ढीग व एकदा उपास असे झाले नाही. भाजी बारा वाफ्यांइतकी निघाली नाही, हे कबूल केले पाहिजे. पण जी निघाली ती सर्वांनी मिळून खाल्ली, आणि खाताना आमची मान खाली गेली नाही.

तर वाचकहो, मृगाला अजून अवकाश आहे. एखाद्या संध्याकाळी घरातील सर्वांस अंगणात बसवा. कागद आणा, पण प्रथम त्यावर वाफे आखू नका. पाणी किती, ते किती पावलांवर, आणि आणणार कोण, हे लिहा. जिला आणावयाचे आहे तिला आधी बोलू द्या. ती जितके वाफे सांगेल तितकेच आखा.