नोंदवहीतले नाव

अंधेरी-बोरिवलीकडच्या काय किंवा मुलुंड-घाटकोपरकडच्या काय, कोणत्याही मोठ्या इमारतीच्या जिन्यात सकाळी आठच्या सुमारास उभे राहावे. रात्रपाळीच्या बाया उतरत असतात, दिवसपाळीच्या चढत असतात. अंथरुणाला खिळलेल्या आजी-आजोबांना सांभाळणाऱ्या या बायांना घरची मंडळी ‘सिस्टर’ म्हणतात. त्यांतल्या काही खरोखरच शिकलेल्या परिचारिका असतात; पुष्कळशा नसतात. ब्यूरोने पाठविली, चेहऱ्याने मायाळू दिसली, एवढे आपल्याला पुरते. दाखला कोण मागतो? आणि मागावा तरी का? माया का कुठे परीक्षा देऊन येते?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. इंग्लंडात परिचारिकांच्या नोंदणीची चळवळ सुरू झाली, तेव्हा खुद्द फ्लॉरेन्स नाइटिंगेल तिच्या विरोधात उभ्या राहिल्या. परिचारिकेचे मोल तिच्या शीलात आहे आणि शील परीक्षेत मोजता येत नाही, असे त्यांचे मत. त्या १९१० साली वारल्या. तिथला नोंदणीचा कायदा १९१९ साली झाला. आपल्या मुंबई प्रांतात तो १९३५ साली आला. पुढे महाराष्ट्राने १९६६ साली आपला केला. आज एएनएमचा दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन वर्षांचा, असा एखादा मान्य अभ्यासक्रम पुरा करून परिषदेच्या नोंदवहीत नाव चढावे लागते.

मग नाइटिंगेलबाईंचे चुकले काय? मला तसे वाटत नाही. कागदाने माया येत नाही, हे खरेच. पण नोंदवही माया मोजायला बसलेलीच नाही. तिचे काम निराळे आहे.

इन्शुलिनचेच उदाहरण घ्या. आपल्याकडे ते एका मिलिलिटरला ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन शक्तींत मिळते, आणि दोहोंच्या सिरिंजही वेगळ्या. शंभराचे औषध चाळिसाच्या सिरिंजने त्याच खुणेपर्यंत भरले, तर अडीचपट पोटात जाते. ते देणारा हात कितीही प्रेमळ असो, अडीचपट ते अडीचपटच. आणि ज्याला टोचायचे तो ग्लानीत पडलेला; तो बिचारा काय पारख करणार? त्याच्या वतीने कोणीतरी आधीच पारख करून ठेवावी लागते. शिवाय जे नाव वहीत लिहिले आहे, तेच खोडता येते. जिचे नाव कुठेच नाही, तिला जाब तरी कोणत्या दाराशी विचारायचा?

इथे आपण लगेच त्या बाईकडे बोट दाखवतो. पण सुई तिच्या हाती देतो कोण? आपणच! पगार ठरवताना ती ‘नुसती सांभाळणारी’ असते. औषधाची वेळ झाली की ‘सिस्टर’ होते. नाही म्हणावे तर काम जाईल, या भीतीने ती सुई उचलते. चार पैसे आपण वाचवतो आणि जोखीम मात्र तिच्या व रोग्याच्या अंगावर टाकतो. याला काटकसर म्हणावे की अन्याय?

अंग पुसणे, कूस बदलणे, चार घास भरवणे, रात्र जागून काढणे, ही कामे हलकी नव्हेत. त्यांना त्यांच्याच नावाने मान द्यावा, पुरता मोबदला द्यावा. सुईसाठी मात्र जिचे नाव वहीत आहे तिलाच बोलवावे. यंदा बाईच्या हातावर दिवाळीची पोस्त ठेवताना एवढे ठरवून टाकू या, की जे तिला कोणी शिकवलेच नाही, ते तिच्याकडून करवून घ्यायचे नाही.