दऱ्या आणि दर्या

पारनेर तालुक्यातल्या एका गावची पंचवीसेक वर्षांपूर्वीची स्मरणिका मी पुण्यात संगणकावर उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता चिवडा. ज्या फॉन्टमध्ये ती टाईप झाली होती तो माझ्याकडे नव्हता. त्या काळी प्रत्येक फॉन्टवाल्याचा संकेत वेगळा. फाईलमध्ये ‘क’ नव्हताच, ‘क’च्या चित्राचा त्या दुकानापुरता क्रमांक होता.

पडदाही मुळात इंग्रजीच्या मापाने बेतलेला. आयबीएमच्या १९८७च्या व्हीजीए मानकात, साध्या मजकुरासाठी एका अक्षराला ९ ठिपके रुंद आणि १६ ठिपके उंच एवढं घर मिळे. इंग्रजी अक्षर त्यात सुखाने मावतं. आपल्या अक्षराच्या डोक्यावर मात्रा, रफार, अनुस्वार, पायाशी उकार, शिवाय जोडाक्षरं. १९८९मध्ये डिस्प्ले कार्ड बनवणाऱ्या कंपन्यांनी ‘वेसा’ ही संस्था काढली आणि ८०० बाय ६०० ठिपक्यांवर एकमत केलं. प्रतिस्पर्ध्यांनी एकत्र बसून माप ठरवलं, याचं मला मोल वाटतं. पण ठिपके वाढल्याने देवनागरी आपोआप उमटणार नव्हती.

ते काम आपल्याकडे झालं. आयआयटी कानपूरमध्ये सुरुवात झाली, पुण्याच्या सी-डॅकने ते पुढे नेलं. संगणकात बसवायचं जिस्ट कार्ड आलं आणि १९९१मध्ये ‘इस्की’ हे भारतीय मानक. त्यातला विचार मला फार मोठा वाटतो: साठवायचा तो वर्ण, त्याचा आकार पडद्यावर येताना घडवायचा. युनिकोडमधली देवनागरीची मांडणीही इस्कीच्याच आधीच्या आवृत्तीवर उभी आहे.

तिथे ‘ऱ’ला स्वतंत्र जागा मिळाली. हिंदीचं त्याच्यावाचून अडत नाही, मराठीचं अडतं. पारनेरच्या पठाराच्या कडेला दऱ्या आहेत, दर्या नाही. मानकात ही सोय नसती, तर ‘शेतकऱ्यांचा’ हा शब्द पडद्यावर धड लिहिता आला नसता. पारनेरच्या शेतकऱ्याला तो निदान आपल्या अर्जावर तरी नीट उमटलेला दिसायला हवा.

तुमच्या गावच्या स्मरणिका, वंशावळी, ग्रामसभेचे ठराव अजून जुन्या फॉन्टमध्ये पडून असतील, तर ते ज्या संगणकावर उघडतात तो बंद पडण्याआधी युनिकोडमध्ये आणून घ्या. आणि आणल्यावर प्रत्येक ‘ऱ्य’ डोळ्यांनी तपासा.