बानूच्या वाड्यावरचा गडी

पौषात माणसांची लग्नं लागत नाहीत. देवाचं मात्र लागतं. सातारा जिल्ह्यात, कराड तालुक्यातल्या पालला तारळी नदीच्या काठी पौष महिन्यात मृग नक्षत्रावर खंडोबा आणि म्हाळसेचं लग्न गोरज मुहूर्तावर लावतात. भंडाऱ्यानं माणसं, वाळवंट, दुकानांची कापडं, सगळं पिवळं होतं. आदल्या वर्षी लागलेलं लग्न पुन्हा कसं लागतं, असा प्रश्न त्या गर्दीत कुणाला पडत नाही. तिकडं माणदेशात म्हसवडला सिद्धनाथ आणि जोगेश्वरीचं लग्नही असंच दिवाळीनंतर दरसाल लागतं आणि मार्गशीर्ष प्रतिपदेला त्यांचा रथ निघतो.

ज्या मुलुखात देवाच्या लग्नाला माणसं वऱ्हाडी म्हणून जातात, तिथल्या कॉलेजातली पोरगी मोबाइलवर माणूस आणि रक्तपिपासू पिशाच्च यांच्या प्रेमाची इंग्रजी कादंबरी वाचताना सापडली, की घरातले मोठे कपाळावर हात मारतात. 'हे काय भलतंच वाचतेस?' ज्यांनी हे विचारलं, त्यांनीच २०१४ ते २०१७ या काळात रात्रीचं जेवण 'जय मल्हार' या खंडोबावरच्या मालिकेच्या वेळेप्रमाणं पुढंमागं केलेलं असतं. म्हाळसा बरोबर की देवाची दुसरी बायको बानू, यावर सातारा-सांगलीकडच्या घराघरात दोन तट पडले होते. आमच्या घरात सासूबाई म्हाळसेच्या आणि मी बानूची. तेव्हा भलतंसलतं कुणाला वाटलं नाही.

या कादंबऱ्या मी बऱ्याच वाचल्या आहेत, आवडीनं वाचल्या आहेत, आणि त्यातल्या पुष्कळशा सुमार आहेत हेही सांगून टाकते. तरीही त्यांची टिंगल करणाऱ्यांशी माझं भांडण आहे. ही गोष्ट बाहेरून आलेली नाही. आपण ती आपल्या कादंबरीतून घालवून दिली, म्हणून पोरींना ती दुसरीकडं जाऊन वाचावी लागते.

बानूची कथा आधी नीट आठवू. तपशील ठिकाणाप्रमाणं बदलतात, पण सांगाडा एकच. खंडोबाला जेजुरीचं ठाणं आहे, नेवाशाच्या वाण्याची लेक म्हाळसा बायको आहे. त्याचं मन बसतं चंदनपुरीच्या धनगराच्या मुलीवर. मग तो म्हाळसेबरोबर सारीपाट मांडतो, पैज लावतो, आणि हरतो. हरल्याबद्दल बारा वर्षं वनवास. तो वनवास भोगायला देव चंदनपुरीला जातो, फाटक्या कपड्यातल्या म्हाताऱ्याचं सोंग घेतो आणि बानूच्या वाड्यावर गडी म्हणून राहतो. मेंढरं राखतो, लेंड्या काढतो, बोलणी खातो. राजवाडा, रथ, तलवार, काहीही दाखवत नाही.

माणसाच्या घरी देव यायचा तर तो काम करायला यावा, असं धनगरी ओवी रचणाऱ्यांना वाटलं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. गुंथर सोंथायमर या जर्मन अभ्यासकानं धनगरांबरोबर वर्षानुवर्षं हिंडून अशा ओव्या ध्वनिमुद्रित केल्या, रा. चिं. ढेऱ्यांचं 'खंडोबा' १९६१ सालचं. दोघांमुळं हे सगळं कागदावर आलं. खंडोबाच्या बायकांची यादी पाहिली तरी गंमत कळते: वाणी म्हाळसा, धनगर बानू, शिवाय शिंपीण, माळीण आणि आणखी एक. जितक्या जातींनी त्याला आपला मानलं तितक्या जातींनी त्याला जावई करून घेतलं. नुसती भक्ती करून त्यांचं भागलं नाही, त्यांना सोयरीक हवी होती.

आणि सोयरीक म्हटली की घरातली भांडणं आली. बानूला घेऊन देव जेजुरीला येतो तेव्हा म्हाळसा दार अडवते. मेंढरांचा वास, जात, रीत, सगळं निघतं. बानू एकाला दोन उत्तरं देते. शेवटी तडजोड होते ती अशी, की म्हाळसा गडावर आणि बानूचं देऊळ चढणीच्या निम्म्या वाटेवर. आजही आहे. दोन बायकांच्या मधे अडकलेला देव कुठल्याही इंग्रजी कादंबरीत मला भेटला नाही. तिथं नायक अमर असतो आणि सासरची कटकट नसते, हे त्या कादंबऱ्यांच्या खपाचं एक कारण असावं अशी मला शंका आहे.

आता त्या कादंबऱ्यांकडं. स्टेफनी मायरचं 'ट्वायलाइट' २००५ साली आलं. त्यातला एडवर्ड १९०१ साली जन्मलेला, सतराव्या वर्षात कायमचा थांबलेला. बेला ही साधी मुलगी. चार पुस्तकं होतात आणि शेवटच्या, २००८ सालच्या पुस्तकात बेलाच पिशाच्च होते. सारा जे. मासच्या २०१५ सालच्या 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस'मध्ये शिकार करून घर चालवणारी फेअरा पहिल्याच पुस्तकाच्या अखेरीस मरते आणि उठते ती यक्षलोकातली होऊन. दोन्हीकडं माणसानं माणूसपण सोडायचं. घर, म्हातारपण, आई-बापांचं आजारपण, हे सगळं मागं टाकून वर निघून जायचं. आमच्याकडं देवाला खाली ओढून मेंढरांमागं धाडलं. हिशेब करायचा तर आमची गोष्ट जास्त धीट आहे.

पण हिशेब इथं थांबवला तर ती लबाडी होईल. बानूच्या गोष्टीत एक जागा आहे, जी कीर्तनात हसण्यावारी नेतात. मेंढरं धुवायला सांगितली तर हा गडी ती कपडे आपटावीत तशी दगडावर आपटून मारून टाकतो. बानू हंबरडा फोडते. मग तो म्हणतो, लग्न करशील तर जिवंत करतो. तोवर तो कोण हे तिला ठाऊक नाही, आणि 'नाही' म्हणायची सोयही नाही. देव म्हणून आपण त्याला माफ करतो. गावातल्या एखाद्या गड्यानं असं केलं असतं तर पंचायत बसली असती.

म्हणून अशा प्रत्येक गोष्टीला मी एक प्रश्न विचारते: मुलीला आधी कळतं का? गिरीश कर्नाडांच्या 'नागमंडल'मध्ये (१९८८) नवऱ्याचं रूप घेऊन नाग राणीकडं येतो, आणि हा नवरा नव्हे हे तिला कुणी सांगत नाही. विजयदान देथांच्या 'दुविधा' या राजस्थानी कथेतलं भूत मात्र व्यापाऱ्याचं रूप घेऊन आल्यावर नव्या नवरीला खरं काय ते सांगतं आणि निवड तिच्यावर सोपवतं. अमोल पालेकरांनी २००५ साली त्या कथेवरून 'पहेली' हा चित्रपट काढला, तो अनेकांनी पाहिला असेल. बेलालाही एडवर्ड काय आहे हे आधी कळतं, आणि मग ती ठरवते. तो रात्री तिच्या खोलीत शिरून ती झोपलेली बघत बसतो, हे मला मुळीच मान्य नाही. याला प्रेम म्हणायला शिकवणाऱ्या पुस्तकांचा कान धरलाच पाहिजे. पण सगळं माहीत असताना 'हो' म्हणणारी नायिका त्यांच्याकडं आहे. कष्ट करणारा देव आपल्याकडं आहे.

नागाचं नाव निघालंच आहे, तर शिराळ्याला जाऊन येऊ. सांगली जिल्ह्यातलं बत्तीस शिराळा नागपंचमीसाठी प्रसिद्ध. मातीच्या नागाची पूजा करणाऱ्या बाईला गोरक्षनाथांनी जिवंत नागाची पूजा करशील का असं विचारलं, अशी तिथली कथा. वन्यजीव कायदा आणि उच्च न्यायालयाचे आदेश आल्यावर तिथला सण पुष्कळ बदलला. पण आपल्या नागपंचमीत नाग बाईचा कोण लागतो? भाऊ. बायका त्याच्यासाठी उपास करतात. दक्षिणेला कन्नड मुलुखात, कर्नाडांना ए. के. रामानुजन यांच्याकडून मिळालेल्या गोष्टींत, तोच नाग प्रियकर होतो. इतक्या थोड्या अंतरात नातं एवढं कसं पालटतं, याचं उत्तर अभ्यासकांनी द्यावं. माझा अंदाज इतकाच, की सासरी गेलेल्या मुलीला घराबाहेरचा कुणीतरी हवा असतो. आपण तिला माहेरचा दिला, त्यांनी दुसरा दिला.

मग आपली कादंबरी यातलं काहीच का सांगत नाही? एकेकाळी सांगत होती. लक्ष्मणशास्त्री हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ सालची, ना. स. रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ सालची. अद्भुतरम्य म्हणून त्यांची खूण सांगतात. १८७२ साली काशीनाथ बाळकृष्ण मराठ्यांनी नावल आणि नाटक यांवर निबंध लिहून या असंभाव्य गोष्टींचा समाचार घेतला. पुढं हरिभाऊ आपटे आले, 'पण लक्षात कोण घेतो?' आली, आणि मराठी कादंबरीनं घरातल्या विधवेकडं बघायचं ठरवलं. हे फार चांगलं झालं. त्याबद्दल तक्रार नाही. पण अद्भुताला दार बंद झालं ते झालंच. ते मग गुलबकावलीच्या चोपड्यांत गेलं, 'चांदोबा'त गेलं, रंगभूमीवर गेलं. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी 'शारदा' लिहून म्हाताऱ्या नवरदेवांची झोप उडवली, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच देवलांनी त्याआधी बाणभट्टाच्या 'कादंबरी'वरून 'शापसंभ्रम' हे नाटक केलं होतं. गंधर्वकन्या, शाप, पुनर्जन्म, राजपुत्राच्या रूपात जन्मलेला चंद्र, असा सगळा मामला. दोन्ही गोष्टी एकाच लेखणीला जमत होत्या आणि त्यात कुणाला विसंगती दिसत नव्हती.

सांगलीतच जन्मलेल्या वि. स. खांडेकरांची 'ययाति' १९५९ सालची. तिनंच १९७४ सालचं ज्ञानपीठ मिळवून दिलं, मराठीतलं पहिलं. शर्मिष्ठा ही असुरराज वृषपर्व्याची मुलगी; म्हणजे मराठीतली अतिशय वाचली गेलेली प्रेमकहाणी माणूस आणि दानवकन्या यांची आहे. वाचताना हे लक्षातही येत नाही, कारण खांडेकरांची शर्मिष्ठा आपल्याच गल्लीतल्या एखाद्या सोशिक मुलीसारखी बोलते. दानवांच्या घरात वाढल्याची एकही खूण तिच्या अंगावर नाही. खांडेकरांना भोग आणि संयम यांविषयी बोलायचं होतं, त्यांनी ते बोलून घेतलं. दानव मात्र वाया गेला.

या विषयाची एक बाजू अशी आहे, की ती टाळून पुढं जाता येत नाही. आपल्याकडं देवाशी लग्न ही नुसती गोष्ट नव्हती. मुलींची खंडोबाशी लग्नं लावून त्यांना मुरळी केलं जाई. सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या जोगतिणी सांगली-मिरज-कोल्हापूरच्या पट्ट्यात गावोगाव होत्या. शिवराम जानबा कांबळ्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुरळीच्या चालीविरुद्ध मोहीम चालवली, १९३४ साली मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षण कायदा झाला, महाराष्ट्राला पुन्हा २००५ साली कायदा करावा लागला. माळ गळ्यात पडली तेव्हा या मुलींना आधी काय कळलं होतं? काहीही नाही. आणि देवानं त्यांच्या घरी कुठली मेंढरं राखली? कवठेमहांकाळ तालुक्यातल्या मळणगावच्या चारुता सागरांनी 'दर्शन' या कथेत हे जग दाखवलं. त्या कथेच्या आणि राजन गवसांच्या 'चौंडकं' नि 'भंडारभोग' या कादंबऱ्यांच्या आधारानं राजीव पाटलांनी २००९ साली 'जोगवा' चित्रपट केला. तायप्पा आणि सुली, दोघंही देवीला वाहिलेले, एकमेकांवर प्रेम करतात, आणि देवीशी लागलेलं नातं त्यांच्या आड येतं. अलौकिक प्रेमाच्या सगळ्या कथा वाचणाऱ्यानं ही उलटी कथा जरूर पाहावी.

मला कादंबरीचा मोठेपणा इथं दिसतो. पुस्तक मिटता येतं. पिशाच्चाच्या प्रेमात पडलेली वाचणारी मुलगी सकाळी सांगलीच्या एसटी स्टँडवर उतरून परीक्षेला जाते. तिच्या गळ्यात कुणी माळ घातलेली नसते. 'अशानं पोरी बिघडतात' म्हणणाऱ्यांनी, न बिघडलेल्या त्या काळात मुलींचं काय केलं जात होतं, ते आठवावं.

मराठीत लिहिणाऱ्यांना माझी एक मागणी आहे. कृष्णा-कोयनेच्या काठाकाठानं साती आसरांची ठाणी आहेत; डोहाजवळ शेंदूर फासलेले सात दगड आणि शेजारी म्हसोबा. तरणी माणसं पाण्यात ओढणाऱ्या या बायकांची भीती घराघरात सांगितली गेली. त्यांचं म्हणणं कुणी लिहिलं नाही. कोयनेचं धरण झालं, शिवसागर भरला, खाली गावं गेली. तिथल्या आसरा कुठं गेल्या, आणि पुनर्वसनात गेलेल्या एखाद्या तरुणाला त्यातली एक पुन्हा भेटली तर काय होईल? तिनं आपण कोण हे आधी सांगावं. त्यानं ठरवावं. आणि तिनं त्याच्या घरी आल्यावर पाणी भरावं की त्यानं भरावं, यावर निदान एक प्रकरण भांडण व्हावं. कुणी लिहिली तर मी विकत घेऊन वाचीन. आणि ग्रंथपालांनो, ती आली की बालविभागात नाही, कादंबऱ्यांच्याच कपाटात ठेवा.