बधिर बोट

गेल्या वर्षी नारळी पौर्णिमा होऊन मनोरीच्या होड्या पुन्हा दर्यावर गेल्या, त्या आठवड्यातली गोष्ट. विळीवर सुरमई कापताना हात घसरला आणि डाव्या तर्जनीच्या मुळाशी खोल कापले. हळद दाबली, फडके बांधले. जखम भरली, बोट मात्र बधिर राहिले. एवढ्याशासाठी खाडी ओलांडून कोण जाते, म्हणून मी महिना घालवला. मग एकदा तव्यावर बोट पोळले आणि फोड दिसेपर्यंत मला पत्ता नाही! तेव्हा कुठे होडीत बसून मार्वे गाठले.

डॉक्टरांनी तुटलेला ज्ञानतंतू शिवला, पण रागावले. म्हणाले, "काकू, बोटाचा स्पर्श जाणणारी पेशी बोटात नसते, मानेच्या कण्यालगत असते. तिचा धागा हातभर लांब, थेट बोटापर्यंत येतो. तो तुटला की तिकडून येणारे पोषण थांबते आणि अशा कित्येक पेशी मरतात. तंतू लगेच सांधला तर त्यांतल्या पुष्कळ वाचतात, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे."

अशा पोषक द्रव्याच्या शोधाबद्दल रीटा लेव्ही-मोंतालचिनी यांना १९८६ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, हे मी पुढे वाचले. पण त्या दिवशी परतताना मनात होता माझा धाकटा भाऊ.

तो मालाडला राहतो. आईच्या पाटल्यांवरून आमचे बिनसले, त्याला तीन वर्षे झाली होती. चूक त्याची, तेव्हा आधी त्याने बोलावे, असे मी धरून बसले होते. आता वाटले, चूक कोणाची हे ठरेपर्यंत थांबण्याचा हक्क माणसाला आहे का? पेशी काही निकालाची वाट पाहत नाही.

बोलणे नाही तर भांडणही नाही, सुखच की, असेही मी म्हणत असे. पण न दुखणे म्हणजे सुख नव्हे. बाबा आमटे यांनी १९४९ साली ज्यांच्यासाठी महारोगी सेवा समिती स्थापन केली, त्या कुष्ठरोग्यांची बोटे बहुधा बधिरतेपायीच जातात. पोळलेले कळत नाही, जखम चिघळत राहते.

शिवलेला तंतू दिवसाला सुमारे १ मिलिमीटर वाढतो. दिवाळीच्या सुमारास बोटाला मुंग्या येऊ लागल्या, मधूनच कळ मारी. डॉक्टर म्हणाले, "छान!"

भाऊबीजेला मी खाडी ओलांडून मालाडला गेले. दार उघडून भाऊ म्हणाला, "आज बरी आठवण झाली!"

शब्द लागला. मी आत जाऊन पाट मांडला.