अर्धवट शब्दाची किंमत

जाहिरातीच्या इतिहासात फार मोठा काळ विकणारा बोलत राहिला आणि घेणारा ऐकत राहिला. दवंडी असो, एसटी स्टँडच्या भिंतीवर रंगवलेली साबणाची जाहिरात असो की क्रिकेटच्या दोन षटकांमधली चित्रफीत, बोलणारा एकच. शोधयंत्राच्या पानाने हा क्रम उलटवला. तिथे घेणारा आधी बोलतो, तेही स्वतःहून. विकणाऱ्याने नीट ऐकायचं आणि मग पुढे यायचं. 1998 मध्ये बिल ग्रॉस यांच्या गोटू डॉट कॉमने शब्दांचा लिलाव सुरू केला तो याच उलट्या क्रमाच्या भरवशावर. शब्दावर बोली लावा आणि कुणी क्लिक केलं तरच पैसे द्या. ऑक्टोबर 2000 मध्ये गुगलचं ॲडवर्ड्स आलं, तेव्हा त्याच्याकडे अवघे 350 जाहिरातदार होते. पुढे त्यानेही क्लिकमागे बोलीची पद्धत घेतली आणि बोलीच्या जोडीला जाहिरात किती उपयोगी आहे याचा हिशेब धरला. विजेत्याने आपली पूर्ण बोली भरायची नाही, खालच्याला मागे टाकण्यापुरतीच रक्कम द्यायची, असा नियम झाला.

हा सारा डोलारा एका न बोललेल्या गृहीतावर उभा होता. विचारणाऱ्याचे शब्द विचारणाऱ्याचे असतात, हे ते गृहीत.

लहान जाहिरातदाराला या गृहीताने जे दिलं, ते वर्तमानपत्राच्या पानाने किंवा रस्त्यावरच्या फलकाने कधीच दिलं नव्हतं. समजा, गुहागरजवळ एका कुटुंबाने घराच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या पर्यटकांसाठी ठेवल्या आहेत. ‘कोकण हॉटेल’ या शब्दांवर मोठ्या कंपन्यांशी बोली लावणं त्या कुटुंबाला परवडणारं नाही. पण ठाण्यातली एखादी मुलगी ‘गुहागर समुद्राजवळ पायऱ्या नसलेलं राहायचं ठिकाण वयस्कर आईसाठी’ असं लिहिते, तेव्हा त्या लांबलचक, ओबडधोबड ओळीवर दुसरा कुणी बोलीच लावत नाही. थोडक्या पैशांत ते दोघे एकमेकांना सापडतात. शोधजाहिरातीतली सर्वांत न्याय्य गोष्ट मला हीच वाटते. जिथे गरज नेमकी, तिथे पैशाचा जोर कमी पडायचा.

मग यंत्र मध्ये बोलू लागलं. केविन गिब्स या अभियंत्याच्या प्रयोगातून गुगल सजेस्ट डिसेंबर 2004 मध्ये प्रयोगशाळेच्या पानावर आलं आणि 2008 मध्ये ते मुख्य पानावर सर्वांसाठी खुलं झालं. 8 सप्टेंबर 2010 रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये गुगलच्या मरिसा मायर यांनी गुगल इन्स्टंट सादर केलं. आता नुसत्या सूचना नव्हत्या. एकेक अक्षर टंकताच खालचं संपूर्ण पान, जाहिरातींसकट, बदलू लागलं. प्रत्येक शोधामागे दोन ते पाच सेकंद वाचतील, असं कंपनीने सांगितलं. अमेरिकेत त्या काळी नुसतं इंग्रजी ए दाबलं की ॲमेझॉन, ई दाबलं की ईबे, एफ दाबलं की फेसबुक पुढे येई. आपल्या अंकलिपीत अ अननसाचा असतो, तसं तिथल्या अक्षराअक्षरावर एकेका कंपनीचं चित्र बसलं होतं.

जाहिरातदारांपुढे त्या आठवड्यात उभा राहिलेला प्रश्न वरवर हिशेबाचा होता. अर्धवट शब्दाला जाहिरात दिसली, तर ती दिसली असं मोजायचं का? गुगलने तीन कसोट्या दिल्या: वाचकाने पानावर कुठे तरी क्लिक केलं, किंवा शोधाचं बटण दाबलं, किंवा टंकणं थांबवून निकाल निदान तीन सेकंद पाहिले, तर जाहिरात दिसली असं धरायचं. या तिसऱ्या कसोटीपाशी मला थांबावंसं वाटतं. माणूस लिहिता लिहिता तीन सेकंद थांबतो, तेव्हा तो काय करत असतो? कधी शब्द आठवत असतो, कधी शुद्धलेखन तपासत असतो, कधी आपल्याला खरंच काय विचारायचं आहे ते स्वतःशी ठरवत असतो. विचाराची ती उसंत प्रथमच बाजाराच्या हिशेबात एक घटना म्हणून नोंदली गेली.

तेव्हा व्यक्त झालेल्या भीती बऱ्याच अंशी खोट्या ठरल्या, हे सांगायला हवं. लांब शोध संपतील, निकालात वर येण्यासाठीची सारी मेहनत निरर्थक होईल, असं काहींनी छातीठोकपणे लिहिलं होतं. तसं झालं नाही. फोनच्या लहान पडद्यावर क्षणोक्षणी बदलणारं पान निरुपयोगी, म्हणून जुलै 2017 मध्ये गुगलने इन्स्टंट बंदही केलं. खालच्या सूचना मात्र राहिल्या, आणि खोल परिणाम त्यांचाच आहे.

तो परिणाम समजायला जुनं न्यायशास्त्र कामी येतं. त्यातल्या अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रह या ग्रंथात वाक्याचा अर्थ कळण्यासाठी तीन गोष्टी लागतात असं सांगितलं आहे: आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी. गाय, घोडा, माणूस, हत्ती अशी नुसती पदं ठेवली तर वाक्य होत नाही, कारण एका पदाला दुसऱ्याची ओढ नाही. ती ओढ म्हणजे आकांक्षा. विस्तवाने शिंपतो म्हटलं तर योग्यता नाही. तासातासाने एकेक शब्द उच्चारला तर सन्निधी नाही. सूचना देणाऱ्या यंत्राने यातली सन्निधी क्षणाच्या अंशावर आणली आहे, योग्यताही ते बरीचशी राखतं. आकांक्षेचं मात्र काही वेगळंच झालं. ‘गुहागर’ या शब्दानंतर माझ्या मनाला कशाची ओढ आहे हे फक्त मला माहीत असतं. यंत्र त्या जागी इतर हजारो लोकांची ओढ आणून ठेवतं: हॉटेल, बीच, मंदिर. ती खोटी नसते, फक्त माझी नसते. अंगठ्याच्या एका स्पर्शात ती माझी होते, आणि माझ्या त्या स्पर्शाने पुढच्या माणसासाठी आणखी पक्की होते.

जाहिरातदाराच्या बाजूने पाहिलं तर याचा अर्थ असा की गर्दीच्या शब्दांवर अधिक गर्दी होते. जास्त लोक एकाच ओळीशी पोचतात, म्हणून जास्त जाहिरातदार त्याच ओळीवर बोली लावतात, आणि क्लिक महागतो. सूचना उत्पन्न वाढवण्यासाठी ठरवल्या जातात असा आरोप करण्याची इथे गरजही नाही. शब्द पुरवणारा आणि शब्दांचा लिलाव मांडणारा एकच आहे, एवढं पुरेसं आहे.

यंत्राच्या सूचनेची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न न्यायालयांपुढेही गेला. 14 मे 2013 रोजी जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने सांगितलं की एखाद्याच्या नावापुढे बदनामीकारक शब्द जोडून दिसत असेल, तर कळवल्यानंतर गुगलला तो काढावा लागेल. आपल्याकडचं प्रकरण अधिक जिव्हारी लागणारं आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा 1988 मध्ये महाराष्ट्राने केला. 1994 च्या केंद्रीय कायद्याने अशा चाचणीच्या जाहिरातीवरही बंदी घातली. तरीही शोधाच्या पानांवर त्या जाहिराती येत राहिल्या. कार्यकर्ते साबू जॉर्ज यांच्या याचिकेवर 19 सप्टेंबर 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुगल, मायक्रोसॉफ्ट आणि याहूला अशा मजकुराची आपोआप अडवणूक करायला बांधून घेतलं. कुठले शब्द अडवायचे त्याची यादीच समोर ठेवली गेली. मुलगी नको असलेल्या घरातून उमटलेल्या प्रश्नाला विक्रेता भेटू नये म्हणून शब्द आणि जाहिरात यांच्यामधली वाट कायद्याने तोडली. ती वाट निर्जीव तारेसारखी तटस्थ आहे, असं त्यानंतर कुणी म्हणू नये.

दररोजच्या शोधांपैकी सुमारे 15 टक्के शोध आधी कधीच न पाहिलेले असतात, असं गुगलच वर्षानुवर्षे सांगत आलं आहे. या आकड्याने मला नेहमी दिलासा दिला आहे. इतक्या सूचनांनंतरही माणसं रोज नव्याने विचारतात, मराठी शब्द रोमन लिपीत, इंग्रजी शब्द देवनागरीत, दोन्ही एकत्र करून, आपापल्या अडचणीच्या आकाराचं वाक्य घडवून. लहान जाहिरातदाराचं खरं गिऱ्हाईक इथेच आहे.

पण नेमकं इथलंच त्याला दिसेनासं झालं आहे. पूर्वी एक्झॅक्ट मॅच निवडलं की बोली त्याच शब्दांवर लागे. 2014 मध्ये त्यात जवळची रूपं सक्तीने आली, 2017 मध्ये शब्दांचा क्रम सुटला, 2018 पासून अर्थ सारखा वाटला तरी पुरे झालं. सप्टेंबर 2020 मध्ये गुगलने जाहिरातदारांना दिसणाऱ्या शोधशब्दांचा अहवाल आखडला: पुरेशा लोकांनी शोधलेले शब्दच त्यात दिसणार. ज्या ओळी विरळ, त्यांचे पैसे भरायचे, पण त्या वाचायच्या नाहीत. तळमजल्यावरच्या त्या दोन खोल्यांच्या मालकाला आपलं गिऱ्हाईक काय म्हणत आलं हेच कळत नसेल, तर घरात पायऱ्या नाहीत हे जाहिरातीत लिहावं, असं त्याला सुचणार कुठून? शोधजाहिरातीचं जे मूळ वचन होतं, आधी ऐका मग बोला, ते इथे मोडलं आहे, आणि मला त्याचा राग आहे.

5 ऑगस्ट 2024 रोजी वॉशिंग्टनमधले न्यायाधीश अमित मेहता यांनी गुगलने सर्वसाधारण शोध आणि त्यावरच्या मजकूर-जाहिराती या दोन्ही बाजारांत आपली मक्तेदारी बेकायदा टिकवली, असा निकाल दिला. स्पर्धेची फिकीर न करता जाहिरातींचे दर वाढवता आले, हेही त्यात नोंदलं. सप्टेंबर 2025 मध्ये उपायांचा आदेश आला. लिलावात मोठे बदल केले तर ते जाहीर करावे लागतील, एवढं जाहिरातदारांच्या पदरात पडलं. एकेका शोधाचा बारीक तपशील देण्याचं आणि जुनं एक्झॅक्ट मॅच परत आणण्याचं बंधन मात्र न्यायालयाने घातलं नाही.