वाघबकरीतली एक बकरी



रविवारी मिस्सा संपला की आपली पोरे चर्चच्या ओट्यावर कोळशाने पट आखतात आणि खडे मांडून वाघबकरी खेळतात. काही पालकांना हे पटत नाही. प्रभूचा दिवस, आणि खेळ तो असा मारामारीचा! एका भावाने तर सरळच विचारले, “मास्तर, हे पाप नाही का?”

आधी खेळच पाहू या. बुद्धिबळात दोन्ही फौजा सारख्या असतात. वाघबकरीत तसे नाही. आपल्या ओट्यावरच्या पटावर वाघ तीन आणि बकऱ्या पंधरा. गावोगाव आकडे बदलतात. वाघ बकरीवरून उडी मारून पलीकडच्या रिकाम्या घरात उतरला की ती बकरी मेली. बकरीला मात्र कुणालाच मारता येत नाही. तिने फक्त वाट अडवायची. तिच्या पाठीमागचे घर दुसरीने भरले की वाघाची उडी बंद. असे करत तिन्ही वाघ कोंडले की बकऱ्या जिंकल्या. दुबळ्यांनी एकमेकांच्या पाठीशी उभे राहावे, हे शिकवायला मला याहून सोपे साधन मिळालेले नाही.

असे खेळ आपल्या मुलखात जुनेच आहेत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या सुमारे 1130 सालच्या ग्रंथात बुद्धिबळ, फासे, कवड्या या करमणुकींचे वर्णन आहे. धर्मापुरीचे केदारेश्वराचे देऊळ त्याच चालुक्यांच्या अमदानीतले. आपल्या ख्रिस्तसभेतही तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी लिहून ठेवले की थकलेल्या मनाला खेळ हवाच. अति खेळणे जसे वाईट तसे खेळाला मुळीच जागा न देणेही दोषाचे. अविलाच्या संत तेरेजा यांनी तर प्रार्थना समजावताना बुद्धिबळाचा दाखला घेतला. आणि दहा हजार सैन्यानिशी वीस हजारांना तोंड देता येईल का, याचा आधी बसून विचार करणारा राजा संत लूकच्या शुभवर्तमानात प्रभू येशूनेच सांगितला आहे. तेव्हा पोरांना खेळू द्या.

पण एक गोष्ट माझ्या मनात सलते. वाघबकरीत मुरलेला गडी एखादी बकरी मुद्दाम वाघापुढे टाकतो. वाघ तिला खायला कोपऱ्यात येतो आणि तिथेच कोंडला जातो. डाव उत्तम, त्यात काहीच वाईट नाही. मेला तो खडा. 1824 पासून प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांना नकाशावर ठोकळे मांडून लढाई शिकवू लागले. किती माणसे पडली ते फासे टाकून ठरायचे. ठोकळा पेटीत गेला की संपले, त्याच्या घरी तार जात नव्हती. पुढे तेच अधिकारी खऱ्या रणांगणावर गेले.

रणांगण लांब राहिले. आपल्या जिल्ह्यातून दसऱ्यानंतर ऊसतोडीला टोळ्या जातात. टोळीत माणसे मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. काही वर्षांमागे दहा कोयत्यांच्या एका टोळीत एका जोडप्यातली बाई आजारी पडली, काम थांबले, उचल फिटेना. तो कोयता सगळी उचल परत देत नाही तोवर साऱ्यांचा हिशोब अडेल, असे सांगण्यात आले. टोळीतली माणसे माझ्याकडे सल्ल्याला आली. मी बोटांवर मोजले : नऊ सुटतात, एक अडकतो. म्हटले, “तुम्ही मध्ये पडू नका.” कुणी पडले नाही. त्या घराने म्हशी विकल्या. (हे त्यांना विचारून लिहितो आहे. मी ‘म्हैस’ लिहिले होते, बाईंनी सांगितले, “मास्तर, दोन होत्या.”)

हिशोब बरोबर होता. कयफाचाही बरोबरच होता. संत योहानचा अकरावा अध्याय काढून पाहा : सभेत बसलेला जबाबदार माणूस, साऱ्या लोकांची काळजी, आणि एकाच्या जिवाचा सौदा.

यंदा शिकवणीत हरवलेल्या मेंढराचा दाखला चालला होता. नव्याण्णव रानात सोडून मेंढपाळ एकामागे जातो, इथवर आलो आणि ओट्यावरचा एक पटाईत पोरगा म्हणाला, “मास्तर, मग येशूला वाघबकरी येत नसणार. असा गडी दहा चालींत हरतो.” वर्ग हसला, मीही हसलो. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या रविवारी त्याच पोराने नवा नियम काढला : एक जरी बकरी मेली तरी बकऱ्या हरल्या. मी बकऱ्या घेतल्या आणि पाच डाव हरलो. मग त्यांनी एक वाघ कमी केला. तरी हरलो. पुढे पटाला चार घरे जास्त जोडली. त्या पटावरही बकऱ्या अजून एकदा जिंकलेल्या नाहीत, पण पोरे जुन्या नियमावर जायला तयार नाहीत. कुणाला काही सुचत असेल तर मिस्सानंतर ओट्यावर या. कोळसा आहे.